नमुन्याची युकुलेले

ताईंच्या कानाबद्दल कारखान्यात कुणी वाद घालत नसे. घातला असता तर तो ताईंनी दोन खोल्यांपलीकडून ऐकला असता आणि मग वाद घालणाऱ्याचं काही खरं नव्हतं. कारखाना म्हणायचा तो आपला मोठेपणानं. एका जुन्या गोदामाच्या तीन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत लाकूड कापायचं, मधल्या खोलीत फळ्या वाकवायच्या आणि चिकटवायच्या, मागच्या खोलीत पॉलिश. महिन्याला सात-आठ युकुलेले, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारी, तिथून बाहेर पडत, आणि ताईंनी 'पास' म्हटल्याशिवाय एकही विकली जात नसे.

पास करायची पद्धत ठरलेली होती. शनिवारी सकाळी अकरा वाजता ताई मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसत. पाठीमागे पॉलिशवाले काका उभे राहत. ते आधी नमुना वाजवत, मग नवी, मग पुन्हा नमुना. दर वेळी तेच आणि तेवढंच: चारही तारा एकेक करून सुट्या, मग वरून खाली एक हात, मग खालून वर एक हात. गाणंबिणं वाजवायचं नाही. गाण्यात माणूस वाहून जातो आणि वाद्याचे दोष झाकले जातात, असं ताईंचं म्हणणं होतं.

नमुना म्हणजे ताईंच्या वडिलांनी बनवलेली शेवटची युकुलेले. ते गेल्यावर ताईंनी ती भिंतीवर टांगली आणि ठरवून टाकलं, या आवाजाच्या खालचं काही विकायचं नाही. त्याला बावीस वर्षं झाली. नवीचा आवाज नमुन्याच्या शेजारी उभा राहिला तर पास, नाही तर नाही; 'नाही' झालेल्या शाळेला फुकट देऊन टाकत. 'नाही'चं कारण ताई एका शब्दात देत आणि काका तो शब्द वहीत लिहीत. 'पत्रा'. 'नाकातला'. 'ओला'. एकदा तर 'पोटात दुखतंय' असंही लिहिलेलं होतं. सगळ्यात वाईट शब्द 'कोंदट'. पत्र्यासारखी वाजली तर घोडी, म्हणजे फळीवरची तारा बांधायची पट्टी, बदलून पाहता येते, नाकात बोलली तर तारा बदलता येतात. कोंदट आवाजाला औषध नव्हतं.

आणि ज्याच्या हातच्या तीन युकुलेले 'नाही' झाल्या, त्यानं टेबल सोडायचं. कामावरून काढत नसत, पण लाकडाला पुन्हा हात लावायचा नाही. पॉलिश करा, तारा चढवा, खोकी भरा. पॉलिशवाले काका स्वतः असेच तीनदा नापास होऊन पॉलिशला आलेले. तिथे त्यांचं बस्तान असं बसलं की आता गिऱ्हाइकं आधी चकाकी बघत आणि मग तारा छेडत. काका हे सगळ्यांना हसत सांगायचे, पण सांगायचे जरा जास्तच वेळा.

दुसरी नापास झाली ती ताईंची सख्खी धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. नऊ वर्षांपूर्वी तिची तिसरी युकुलेले वाजली आणि ताई चार जणांसमोर म्हणाल्या, "कोंदट." धाकटीनं ॲप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि ती घरी गेली. खोकी भरायला ती थांबली नाही. आता ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत होती. बहिणींचं बोलणं तुटलं नव्हतं. आईची औषधं, आईचे दाखले, कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, सगळं बोलणं होई. युकुलेलेचं नाव मात्र दोघीही काढत नसत. आणि ताईंना त्याचं वाईट वाटत होतं, पण आपण चुकलो असं वाटत नव्हतं. कोंदट ते कोंदट, त्यात बहीण काय करणार, हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा समजावलं होतं की ते अगदी पाठ झालं होतं.

दीड वर्षापूर्वी धाकटीची मुलगी दारात येऊन उभी राहिली. वय सव्वीस, शिक्षण भलतंच काहीतरी, नोकरी सोडून आलेली.

"मावशी, मला शिकायचंय."

"आईला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, तुझं तू बघ."

ताईंनी टेबल दिलं. ते धाकटीचंच टेबल होतं, दुसरं रिकामं नव्हतं. भाचीचा हात चांगला होता, सांधे असे बसवायची की नख अडकत नसे. पण पहिली 'ओला' म्हणून गेली, दुसरी 'कोंदट' म्हणून. आता तिसरी तयार होत होती आणि येत्या शनिवारी तिचा निकाल लागायचा होता. ताईंना ती पास व्हायला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. एकाच घरातली दुसरी बाई त्याच टेबलावरून उठवायची म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण म्हणून कानाशी खोटं बोलायचं, हे त्यांच्यानं झालं नसतं.

त्यातच मावशी-भाचीची जुंपली ती फुगलेल्या फळ्यांवरून. वर्षभरात पाच युकुलेले परत आल्या होत्या. दुखणं सगळ्यांचं एकच. घोडीच्या मागे वरची फळी फुगलेली, पुढे खचलेली, तारा पडद्यांपासून उंच गेलेल्या. ताईंनी आधी हवेला दोष दिला, मग तारांना, मग गिऱ्हाइकांना. भाचीनं मात्र पाचही फळ्या मोजल्या. मग दुरुस्तीला आलेल्या जुन्या युकुलेले सापडतील तेवढ्या मोजल्या आणि कागद घेऊन मावशीसमोर उभी राहिली.

"मावशी, आपण फळ्या पातळ करत चाललोय. दहा वर्षांपूर्वीच्या दोन मिलिमीटर आहेत. मग पावणेदोन. आता दीड, दीडच्याही खाली."

"मग? जाड ठेवली की आवाज आत अडकतो. पातळ केल्याशिवाय हल्ली नमुन्याच्या जवळ जातच नाही."

"हल्ली म्हणजे? पूर्वी जायची?"

"लाकूड पूर्वीसारखं मिळत नाही."

"नमुन्याची फळी केवढी आहे?"

"नमुन्याला यंत्र लावायचं नाही," ताई म्हणाल्या. विषय संपला. काका रोज सकाळी नमुना उतरवून पाच मिनिटं वाजवत आणि पुन्हा टांगत. त्यापलीकडे तिला कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच होता.

भाचीनं आपली तिसरी युकुलेले दोन मिलिमीटर जाडीच्या फळीची बनवली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. काकांना राहवेना. ताई पुढच्या खोलीत लाकूडवाल्याशी हुज्जत घालत होत्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "अगं, अजून पॉलिश चढवलेलं नाही. घासून घासून अर्धा मिलिमीटर काढ, शनिवार पार पडेल."

"आणि वर्षानं फुगली तर?"

"फुगेल तेव्हा फुगेल. आधी टेबल तर राख."

"फुगणारी वस्तू करून टेबल राखायचं असेल तर मला खोकी द्या भरायला."

ताईंनी हे लाकूडवाल्याशी बोलता बोलता शब्द न् शब्द ऐकलं. राग आला, आणि पोरगी आपल्यावरच गेली आहे म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं म्हणून लाकूडवाल्यावर त्या जरा जास्तच ओरडल्या.

त्याच आठवड्यात सोमवारी शाळेतल्या संगीताच्या बाई एक युकुलेले दुरुस्तीला ठेवून गेल्या होत्या. एक खुंटी सैल झाली होती. ताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही, काकांच्या हवाली केली. काकांनी खुंटी बदलली, नव्या तारा चढवल्या आणि तारा ताणून स्थिर व्हाव्यात म्हणून रोज थोड्या पिळत ठेवल्या. शनिवारी सकाळी बाई ती न्यायला आल्या, तर ऐकणं सुरू व्हायच्या बेतात होतं. ताईंनी त्यांना फळ्यांच्या चळतीवर बसायला सांगितलं, बोलायचं नाही असं बजावलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

काकांनी नमुना वाजवला. ताईंना तो आवाज आपल्या हाताच्या तळव्यासारखा माहीत होता. तार छेडली की आवाज लगेच बाहेर येई, खोलीभर पसरे आणि हळूहळू उतरत जाई. चारही तारा एका घरातल्या वाटत. मग नवी वाजली. आवाज स्वच्छ होता, सुरेल होता, एकही पडदा खरखरत नव्हता. पण तो दारापर्यंत येऊन थांबत होता. सांगावं की नाही अशा विचारात पडलेल्या माणसासारखा. मग पुन्हा नमुना वाजला आणि तो मोकळा, भरलेला आवाज ऐकून त्यांना जरा बरं वाटलं.

"नमुना आज फार छान बोलतोय," त्या म्हणाल्या. "नवी कोंदट आहे."

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला नाही.

"लिहा ना काका."

"ताई, शेवटी काय वाजलं?"

"नमुना."

"जरा वळून बघा."

ताई वळल्या. नमुना भिंतीवर आपल्या खिळ्याला होता. काकांच्या हातात शाळेची युकुलेले होती. ओरखडे पडलेली, कडेला पॉलिश उडालेली, पाठीवर सतरा आकड्याचा कागद चिकटवलेला.

"माझी परीक्षा घेता?" ताईंचा आवाज चढला.

"हो," काका म्हणाले आणि त्यांनी भाचीकडे बोट दाखवलं. "हिला विचारून नाही केलं, माझं मी केलं. बावीस वर्षं तुम्ही सगळ्यांची घेतलीत. एक दिवस तुमची."

भाची पांढरीफटक पडली होती. संगीताच्या बाईंना कुणी बोलायला परवानगी दिली नव्हती, तरी त्या म्हणाल्या, "वर्गात मुलं या सतरा नंबरसाठी भांडतात. मी आता चिठ्ठ्या टाकते."

ताईंनी ती युकुलेले हातात घेतली आणि उजेडाकडे धरून तिच्या भोकातून आत पाहिलं. आत पेन्सिलीनं तारीख होती आणि खाली एक शब्द: 'तिसरी'. अक्षर धाकटीचं होतं, ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. त्याच अक्षरातली पत्रं त्यांच्या कपाटात होती. काकांनी नऊ वर्षांपूर्वीची वही आधीच काढून ठेवली होती, बोट घालून. 'कोंदट', असं काकांच्याच हातचं लिहिलेलं.

"पुन्हा वाजवा," ताई म्हणाल्या आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. "कुठली ते सांगू नका."

अकरा वेळा वाजवलं. ताईंनी सहा वेळा बरोबर ओळखलं, पाच वेळा चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढं जमलं असतं. बाराव्यांदा वाजवा असं त्या म्हणाल्या नाहीत. उठल्या, नमुना खिळ्यावरून काढला आणि जाडी मोजायचं यंत्र स्वतःच्या हातानं लावलं. दोन मिलिमीटर. केसभर जास्तच.

"तुमच्या बाबांनी हिला पहिल्यांदा तारा चढवल्या त्या दिवशी मी इथेच होतो," काका म्हणाले. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तुम्ही ऐकून म्हणाला होतात, बाबा, जरा कोंदट आहे. ते म्हणाले, नवी आहे, वाजवत राहा."

"मी म्हणाले?"

"तुम्हीच."

ताईंना आठवत नव्हतं. मग आठवलं. आणि त्याबरोबर हेही आठवलं की वडील कधी जुनीशी ताडून पाहतच नसत. त्या महिन्यात झालेल्या दोन नव्या शेजारी ठेवत आणि त्यांच्यात कुठली बरी ते ऐकत. जुनी भिंतीवर टांगली ती ताईंनी. वडिलांची शेवटची खूण म्हणून टांगली, आणि मग तिलाच मोजपट्टी करून टाकलं. लाकूड वाजून वाजून उघडतं, दर वर्षी थोडं. काका रोज सकाळी पाच मिनिटं तिला वाजवत होते. म्हणजे मोजपट्टी दर वर्षी लांब होत होती आणि नव्या युकुलेलेंनी जन्मल्या दिवशी तिच्याएवढं व्हायचं होतं. व्हायचं तर फळी पातळ करायची. पातळ केली की पास, आणि वर्षानं फुगून परत. बरोबर बनवलेली ती कोंदट. इतकं साधं होतं. आणि हे ताईंच्या त्या प्रसिद्ध कानाला बावीस वर्षं ऐकू आलं नव्हतं.

"मग माझी?" भाचीनं विचारलं. तिनं आपली युकुलेले छातीशी धरली होती.

"मला सांगता येत नाही," ताई म्हणाल्या. त्या खोलीत हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मग त्यांनी संगीताच्या बाईंना विचारलं, सतरा नंबर सोमवारपर्यंत ठेवू का, आणि ती पिशवीत घालून त्या बाहेर पडल्या.

चष्म्याचं दुकान शनिवारी दोनपर्यंत उघडं असे. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं होती. मागच्या बाजूला काचेच्या आड धाकटी यंत्रावर वाकून काच घासत होती. ताई दिसताच तिनं यंत्र बंद केलं.

"आईला काही झालं का?"

"आई बरी आहे," ताई म्हणाल्या आणि युकुलेले काउंटरवर ठेवली.

धाकटीनं आत वाकून पाहिलं नाही. वाद्याच्या मानेच्या सांध्यावरून नुसता अंगठा फिरवला. मग हात पुसले, उचलली आणि चार तारा एकेक करून छेडल्या. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

"बरी वाजते," ती म्हणाली, शेजाऱ्यांच्या मुलाबद्दल म्हणावं तशी.

"आज काकांनी मला न सांगता वाजवली. मी हिला नमुना समजले." ताईंनी काउंटर धरला. "चुकले मी. तेव्हाही ही कोंदट नव्हती."

"तेव्हा कोंदटच होती," धाकटी म्हणाली. "मलाही कान आहेत. कोंदट आहे हे तुझ्या आधी मला माहीत होतं. मला आपलं वाटलं होतं, तू म्हणशील, थोडे दिवस थांबू या."

एका गिऱ्हाइकानं घड्याळ पाहिलं.

"पोरीचं काय केलंस आज?"

"सांगता येत नाही म्हणाले."

"म्हणजे नापासच की." धाकटीनं युकुलेले खाली ठेवली. "सांगता येत नाही म्हणून ती रात्रीची जेवणार आहे का? घरी येऊन दार लावून बसेल. ते मला बघायचंय, तुला नाही."

ताईंनी पिशवीतून फोन काढला. त्यांना चष्म्याशिवाय आकडे दिसत नव्हते आणि चष्मा कारखान्यात राहिला होता. चष्म्याच्या दुकानात उभं राहून त्यांनी फोन बहिणीच्या हातात दिला आणि बहिणीनं तो लावून दिला.

"पास," ताई म्हणाल्या.

पलीकडून भाचीचा आवाज धाकटीलाही ऐकू येत होता. "पास कशी? मघाशी तर कोंदट म्हणालीस."

"आहेच कोंदट. नवी आहे. फळी बरोबर आहे, सांधे बरोबर आहेत, आवाज येईल."

"कधी?"

"ते मला माहीत नाही. वाजवत राहा. टेबल तुझं आहे."

पलीकडे भाची रडायला लागली होती, आणि काका तिला काहीतरी चेष्टेचं बोलत होते. ताईंनी फोन बंद केला. त्यांना वाटलं, आता धाकटी हसेल, निदान मान तरी हलवेल. धाकटी काउंटरवरच्या युकुलेलेकडे पाहत होती.

"हे एवढंच म्हणायचं होतं ना गं तेव्हा," ती म्हणाली.

धाकटीनं डोळे मनगटानं पुसले, पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातून चष्मा घेतला आणि ती यंत्राकडे गेली. ताई भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. दुकान बंद व्हायला अजून पाऊण तास होता, आणि बहीण उठ म्हणेपर्यंत त्या उठणार नव्हत्या.